सहा कोटी अंशांचा गारवा

संस्थेत तिला थर्मामीटर म्हणत. तोंडावर मॅडम, पाठीमागे थर्मामीटर. हे नाव कुणी ठेवलं याबद्दल दोन मतं होती आणि दोन्ही मतांप्रमाणे ते तिच्या नवऱ्यानेच ठेवलं होतं. लग्नाआधी ठेवलं की नंतर, एवढाच काय तो वाद.

नाव तसं गैर नव्हतं. आकाशात दीर्घिकांचे प्रचंड समूह असतात. एकेका समूहात शेकडो दीर्घिका, आणि त्यांच्या मधल्या, आपल्याला रिकाम्या वाटणाऱ्या जागेत अतिशय विरळ, अतिशय तापलेला वायू. इतका तापलेला की त्यातून एक्स-रे बाहेर पडतात. उपग्रहावरची दुर्बीण ते किरण टिपते आणि खाली बसलेल्या माणसाने ते बघून वायू कुठे किती तापलाय ते सांगायचं. ते खाली बसलेलं माणूस म्हणजे ती. वरच्या मजल्यावर जिन्याशेजारची खोली, कायम ओढलेले पडदे, खुर्चीच्या पाठीवर शाल, टेबलावर चहाचे तीन कप आणि त्यातला एकच धुतलेला.

ही मोजायची सवय संध्याकाळी तिच्याबरोबर घरी येई.

“भाजीत मीठ बरोबर आहे का गं?” सासूबाई विचारत.

“पहिल्या घासाला तरी बरोबर वाटतंय.”

“म्हणजे?”

“म्हणजे एकच घास घेतलाय, आई.”

दुसरी एखादी ‘छान झालीय’ म्हणून मोकळी झाली असती आणि सासूही सुखाने जेवली असती. पण हा गुण जन्मजात होता. लहानपणी धाकट्या भावाने शाळा बुडवण्यासाठी थर्मामीटर चहाच्या कपात धरलं होतं. आकडा बघून आई चपला घालून डॉक्टरकडे निघाली. हिने तो आकडा वाचला, भावाच्या कपाळाला हात लावला आणि दारातूनच आईला हाक मारली, “अगं, हा ताप याचा नाही, चहाचा आहे. आणि चहासुद्धा निवलाय.” भाऊ शाळेत गेला. आज त्याच्या डोक्यावर केस उरले नाहीत, पण बहीण घरी आली की तो अजून काहीतरी लपवल्यासारखा बसतो.

नवरा त्याच संस्थेत, खालच्या मजल्यावर, रेडिओ विभागात. त्याला सगळे लाउडस्पीकर म्हणत, आणि हे नाव कुणी ठेवलं याबद्दल अजिबात वाद नव्हता, कारण ते ज्याला त्याला स्वतंत्रपणे सुचलं होतं. तरुणपणी त्याने तिला जिन्यात गाठून म्हटलं होतं, “तुझे एक्स-रे, माझे रेडिओ. आपण दोघं मिळून आकाशात काही शिल्लक ठेवणार नाही.” ती म्हणाली होती, “विचार करायला वेळ दे. अजून पुरेशी माहिती नाही.” हा किस्सा तो प्रत्येक मेजवानीत सांगे आणि दर खेपेला तिने मागून घेतलेला वेळ वाढत जाई. शेवटी शेवटी तर त्याने तिची वाट बघत तारुण्य घालवलं, असं ऐकणाऱ्याला वाटे.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. निवृत्त मुख्याध्यापिका. सून नवऱ्याला अरे-तुरे करते हे त्यांना पहिल्या दिवसापासून खटकलं होतं; पण मुलगा सुनेचं काम दहा लोकांत आपलं म्हणून सांगतो, हे कधी खटकलं नाही.

तर या लाउडस्पीकरला एक भुवई सापडली.

झालं असं. दोन समूह एकमेकांवर येऊन आदळतात तेव्हा त्यांतल्या दीर्घिका एकमेकींना न शिवता आरपार निघून जातात. वायूला ते जमत नाही. तो एकमेकांत अडकतो, दाबला जातो, तापतो, आणि त्यातून धक्क्याची लाट बाहेरच्या बाजूला धावत सुटते. लग्नात नाही का, नवरा-नवरी आपल्या वाटेने पार होतात आणि दोन्हीकडची मंडळी मात्र वर्षानुवर्षं तापत बसतात, तसंच. ही लाट जिथून जाते तिथे रेडिओ दुर्बिणीला कधी कधी एक लांबट, वाकडी, उजळ पट्टी दिसते. अशीच एक पट्टी त्याला आदळलेल्या दोन समूहांच्या कडेला दिसली. वर उचललेल्या भुवईसारखी. तिच्यावरून त्याने हिशेब मांडला की धक्का त्या वायूतल्या आवाजाच्या वेगाच्या तिप्पट वेगाने धावतोय. तीन! या धंद्यात तीन म्हणजे दणदणीत. बहुतेकांच्या नशिबात दीड किंवा दोन असतात.

पण रेडिओ म्हणजे नुसता धूर. आग दाखवायची तर एक्स-रे लागतात. लाट जिथून गेली तो वायू दाट झालाय आणि तापलाय, हे थर्मामीटरने दाखवलं की धक्का सिद्ध. नाहीतर नुसतीच भुवई.

हे सगळं इतकं तातडीचं व्हायला कारण होतं एक खुर्ची. विभागप्रमुख निवृत्त होत होते आणि दोन उमेदवार होते. एक लाउडस्पीकर. दुसऱ्याला सगळे फळा म्हणत. फळा सगळं काही खडूने सिद्ध करी, सदऱ्याला पुसून दुसरं काहीतरी सिद्ध करी, आणि इतकं हळू बोले की पहिल्या रांगेतल्यांनाही आपण मागे बसलोय असं वाटे. बाहेरून निवड समिती येणार होती, दोघांनी तिच्यासमोर आपापलं सर्वांत मोठं काम मांडायचं होतं आणि लाउडस्पीकरकडे भुवईखेरीज मोठं काही नव्हतं. म्हणजे खुर्ची भुवईवर, भुवई धक्क्यावर आणि धक्का बायकोच्या आकड्यावर टेकलेला.

दुर्बिणीचा वेळ तिच्या नावाने मंजूर झाला. पाहणी दोन भागांत व्हायची होती. मधे सूर्य आडवा येत असल्यामुळे उपग्रहाला तोंड फिरवून बसावं लागणार होतं. पहिला भाग आला, त्या दिवशी लाउडस्पीकर दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेला.

तिचा एक नियम होता. एक्स-रेचं चित्र आधी कोरं बघायचं. त्यावर रेडिओच्या रेषा काढायच्या नाहीत. आपल्याला कुठे कड दिसते ती आधी स्वतः आखायची, मग दुसऱ्याने काय पाहिलं ते वर ठेवायचं. नाहीतर डोळा आज्ञाधारक असतो, सांगितलं तिथे बघतो.

“थांब, मला आधी कोरं बघू दे.”

“बघ की. मी फक्त माझी भुवई वर ठेवतो. बारीक रेषेने.” असं म्हणत त्याने ती ठेवलीही.

आणि खरोखरच एक्स-रेच्या चित्रात एक कड होती. आत उजळ, बाहेर अंधूक, सुरीने कापल्यासारखी. आणि भुवई तिला बरोबर टेकून बसली होती.

“बघ!” तो इतक्या जोरात ओरडला की खालच्या मजल्यावरचा फळा खडू हातात घेऊन जिन्यापर्यंत आला. “कड आहे की नाही?”

“कड आहे.”

“माझ्या भुवईला लागून आहे की नाही?”

“वाटतेय खरी.”

“मग?”

“मग तापमान काढायला हवं.”

तेवढं ऐकायला तो थांबला नाही. दुपारच्या चहाला सगळ्या संस्थेला कळलं आणि संध्याकाळच्या आत सासूबाईंनी फोनवरून सगळे नातेवाईक संपवले. “हो हो, धक्काच! तीन पट! अहो, तीन म्हणजे खूपच असतात म्हणे. सून आहे ना मदतीला, ती फक्त ताप बघतेय.”

सुनेने ताप बघितला. धक्क्याची खूण अशी की लाट जिथून गेली ती आतली, दाट बाजू गरम हवी. इथे आतली बाजू निघाली सहा कोटी अंश आणि बाहेरची अकरा कोटी. उलटं. म्हणजे कड होती, पण धक्क्याची नव्हती. एका समूहाच्या पोटातला थंड वायू तसाच पुढे ढकलला गेला होता, आणि त्याचा पुढचा काठ धारदार दिसत होता. या धंद्यातल्या लोकांना अशा थंड कडा माहीत असतात, त्यांनी भल्याभल्यांना फसवलेलं आहे.

मग भुवई त्या कडेला टेकली कशी? तिने रेडिओच्या चित्राची मूळ फाइल उघडली तेव्हा तेही कळलं. लाउडस्पीकरकडे भुवईची दोन चित्रं होती. एक बारकाईचं, त्यात भुवई तुटक दिसे, विरळ केसांच्या माणसाची असावी तशी. दुसरं जाड्याभरड्या नजरेचं, सगळं एकमेकांत पसरवून टाकणारं, त्यात ती सलग आणि झोकदार दिसे. त्याने झोकदार चित्र वापरलं होतं. आणि पसरवल्यामुळे भुवई फुगून आतपर्यंत आली होती, थेट कडेला टेकली होती. बारकाईच्या चित्रात दोघींच्या मधे चांगली ऐसपैस जागा होती.

तिने त्याला हे घरी सांगितलं. तो बूट काढत होता.

“थंड?” तो म्हणाला.

“थंड. आणि तुझी भुवई तिथे नाहीच आहे. ती बरीच बाहेर आहे. तू जाडं चित्र का लावलंस?”

“ते चांगलं दिसतं.”

“मग ते दिवाणखान्यात लाव.”

एक बूट पायात तसाच ठेवून तो उठला आणि बोलायला लागला. ते सगळं इथे लिहिण्यात अर्थ नाही, शेजारच्यांनी ऐकलंच. सारांश असा, की इतर लोकांच्या बायका नवऱ्याच्या मागे उभ्या राहतात आणि याची बायको त्याच्या मागे उभी राहून त्याचंच तापमान घेते.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिला स्वयंपाकघरात गाठलं. त्या ओट्याशेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या, म्हणजे बैठक औपचारिक होती.

“मला नीट समजावून सांग. मीही शिकवलंय आयुष्यभर. नेमकं अडलंय कुठे?”

“आतली बाजू गरम हवी होती आई. ती थंड निघाली.”

“किती थंड?”

“सहा कोटी अंश.”

सासूबाईंनी चष्मा काढला. “सहा कोटी?”

“हो.”

“आणि त्याला तू थंड म्हणतेस?”

“बाहेर अकरा कोटी आहे ना. त्या मानाने.”

“अगं, सहा कोटी अंशांत काय उरेल? तू, मी, हा ओटा, काही उरेल का?”

“नाही.”

“मग लिही की गरम.”

तिने गॅस बारीक केला. सासूबाईंना वाटलं, बोलणं लागू पडतंय.

“हे बघ, मी इतकी वर्षं शाळा चालवली. पोरगं एक-दोन मार्कांनी अडलं तर मी वर्ष वाया जाऊ दिलं नाही कधी. द्यायचे चार कृपागुण. कुणाचं घोडं मारलं जात नाही. उलट ती मुलं आज मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत.”

“तेच तर,” सून म्हणाली. “आम्हाला भेटतात ती.”

सासूबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या, कारण बरणीचं झाकण उघडत नव्हतं.

मग संचालकांनी तिला बोलावलं. संचालक स्वभावाने शांत होते. कुठलंही भांडण त्यांच्या टेबलावर आलं की ते त्यावर पेपरवेट ठेवत. “मॅडम, विज्ञानात मतभेद असायचेच. पण एकाच घरातून दोन मतं येणं बरं दिसत नाही. बाहेरची समिती येतेय. तुम्ही घरच्या घरी काहीतरी सरासरी काढा ना.”

“थंड आणि गरमची?”

“कोमट म्हणता येईल का?” त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

ती नाही म्हणाली. आता ती काही हुतात्मा नव्हती, हेही सांगायला हवं. या दिवसांत ती मुद्दाम दाराशी जोरात चपला काढी. त्याच्या पुढ्यात चहा ठेवताना “गरम आहे, मोजलाय” असं म्हणे. खरेपणाचाही एक माज असतो, आणि ज्यांच्याकडे दुसरा काही माज करण्यासारखा नसतो त्यांच्यात तो जरा जास्तच असतो.

पाहणीचा दुसरा भाग आला. किरण आता दुपटीहून जास्त जमले होते, त्यामुळे बाहेरचा अंधूक भागही बघता येणार होता. तिने चित्र कोरं उघडलं. या वेळी वर रेषा ठेवायला कुणी आलं नव्हतं. थंड कडेच्या बरीच पलीकडे, आधी जिथे काहीच कळत नव्हतं तिथे, उजेड किंचित उतरत होता. हळूहळू नाही, पायरी असावी तसा. तिने पायरी आखली. दोन्ही बाजूंचं तापमान काढलं. आत अकरा कोटी, बाहेर सात. आत गरम, बाहेर थंड. मग शेवटी तिने रेडिओचं चित्र वर ठेवलं, तुटक भुवईचं. भुवई पायरीवर पडली. एकेक केस.

धक्का होता. नवऱ्याचा धक्का होता. थंड वायू पुढे घुसत होता आणि त्याच्या पुढ्यात, अंतर राखून, लाट चालली होती. फक्त ती तीन नव्हती. आकडा आला एक पूर्णांक सहा.

तिने फाइल बंद केली. आठवडा संपत आला होता. घरी लाउडस्पीकरचा आवाज पार बसला होता. जेवताना त्याने विचारलं, “दुसरा भाग आला का?”

“तपासतेय.”

तपासून झालं होतं. तिने शनिवारी पुन्हा तपासलं आणि रविवारीही. आकडा तोच आला, पण त्याचं ते बसल्या आवाजात “मीठ देतेस का?” विचारणं ऐकायला तिला बरं वाटत होतं. सोमवारी सकाळी मात्र तिने चहाबरोबर कागद पुढे केला.

त्याने बघितलं. पुन्हा बघितलं. मग तो उठून उभा राहिला आणि त्याचा आवाज परत आला.

“आई! आहे! धक्का आहे!”

सासूबाई धावत आल्या. “मी म्हणतच होते. शेवटी आली ना नवऱ्याच्या बाजूला!”

“मी त्याच्या बाजूला आले नाही आई. तो धक्का तिथे आहे म्हणून आहे.”

“तेच ते.”

लाउडस्पीकरचं बोट कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर थांबलं. “हे काय? एक पूर्णांक सहा?”

“तेवढाच आहे.”

“माझा तीन आहे.”

“तुझा रेडिओवरून तीन येतो, माझा एक्स-रेवरून एक पूर्णांक सहा. असं बऱ्याच जणांना आढळलंय. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेव आणि सांग की फरक का आहे ते अजून कळलेलं नाही. लोक याच प्रश्नावर आयुष्य घालवताहेत. तुझ्याकडे तो आयता आलाय.”

“समितीसमोर उभं राहून मला कळत नाही म्हणून सांगू?”

“हो.”

“प्रमुखाच्या खुर्चीसाठी?”

“हो.”

तो खाली बसला. कागद सरळ केला. आणि मग भाजीवालीशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, “अडीच?”

“काय अडीच?”

“अडीच लिहू. तीनवरून मीही खाली आलोच ना.”

“एक पूर्णांक सहा.”

“दोन. दोनला तोड. दोन हा गोल आकडा आहे.”

“हा काही दराचा प्रश्न नाहीये.”

“अगं, दोन दे की त्याला,” सासूबाई म्हणाल्या. “घरचाच आहे.”

ती उठून आंघोळीला गेली. कागद टेबलावर तसाच राहिला, आणि तिथून तो त्याच्या पिशवीत गेला.

समितीच्या दिवशी सभागृहात एकही खुर्ची रिकामी नव्हती. समितीवर बाहेरून आलेल्या एक परीक्षक बाई होत्या. वयस्क, पांढरे केस आखूड कापलेले, पायांत खेळायचे बूट. आधी फळा बोलला. त्याने पूर्ण गोल, कुणालाही न धडकलेल्या समूहाबद्दल काहीतरी सिद्ध केलं. असा समूह आकाशात कुठेही नाही, हेही त्याने बहुधा सांगितलं, पण ऐकू आलं नाही. समितीतले एक सदस्य झोपले. खुर्ची लाउडस्पीकरच्या बाजूला सरकल्याचं मागच्या रांगेलाही दिसलं.

मग तो उभा राहिला. माइक त्याने बाजूला केला. भुवई दाखवली, तीही तुटक, बारकाईची. तेवढं त्याने ऐकलं होतं. आदळणारे समूह हातांनी करून दाखवले. झोपलेले सदस्य जागे झाले. मग तिचं चित्र आलं: पायरी, अकरा कोटी, सात कोटी. सभागृहात हलकीशी कुजबुज झाली. खरोखर सुंदर चित्र होतं ते. तिसऱ्या रांगेत बसलेल्या थर्मामीटरलाही क्षणभर अभिमान वाटला, आणि तो कुणाचा हे तिने तपासलं नाही.

“म्हणजे रेडिओवरून तीन,” तो गरजला, “आणि एक्स-रेवरूनही, जवळपास, तीन!”

चित्राच्या खालच्या कोपऱ्यात जिथे आकडा होता, तिथे आता संस्थेचं बोधचिन्ह होतं. चांगलं मोठं, रंगीत.

परीक्षक बाई पुढे झुकल्या. “छान काम आहे. एकच विचारते. त्या बोधचिन्हाखाली काय आहे?”

“संस्थेचं नाव आहे बाई.”

“नावाच्या खाली नाही. चिन्हाच्या खाली. एक आकडा अर्धवट बाहेर आलाय.”

“ते... तांत्रिक आहे.”

“मी तांत्रिकच आहे.” बाईंनी सभागृहाकडे मान वळवली. “हे मोजमाप ज्यांचं आहे त्या इथे आहेत ना?”

सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. संचालकांनी डोळे मिटले. लाउडस्पीकरने बायकोकडे बघितलं. इतकं आर्जव त्याच्या नजरेत जिन्यातल्या त्या दिवशीही नव्हतं.

ती उभी राहिली. “एक पूर्णांक सहा,” ती म्हणाली. मग सवयीने पुढे म्हणाली, “अधिक-उणे दोन दशांश.”

खुर्ची फळ्याला मिळाली. आभाराचं भाषण त्याने केलं, असं समजतं.

संचालकांनी तिला जिन्यात थांबवलं. “मॅडम, बाई म्हणत होत्या, दोन्ही आकडे मांडून ‘माहीत नाही’ म्हणाले असते तर त्यांचं मत तुमच्या यजमानांनाच होतं. तुम्ही त्यांना हे आधी सांगायचं होतं.”

“सांगितलं होतं.”

“मग जरा ठासून सांगायचं.” एवढं बोलून ते निघून गेले. दोष कुणाचा हे एकदा ठरल्यावर त्यांना फार बरं वाटे.

घरी सासूबाईंनी पानं वाढली आणि त्या आपलं ताट घेऊन आतल्या खोलीत गेल्या. जाताना म्हणाल्या, “लोक खोटं बोलून संसार करतात. आमच्याकडे खरं बोलून मोडतात.”

लाउडस्पीकरने पानातली भाजी एका कडेला सारली. मग म्हणाला, “तुला नुसतं गप्प बसता आलं असतं.”

“प्रश्न मला विचारला होता.”

“तू बायको आहेस माझी.”

“म्हणून तर तुला आधी घरी सांगितलं. बाहेरच्याला मी एकदम सभेतच सांगते.”

त्याने ताट सरकवलं. तिने ते उचललं नाही. सकाळपर्यंत ते तिथेच होतं, आणि भाजी पार सुकून गेली होती.

शोधनिबंध तिने लिहायला घेतला. पहिलं नाव तिचं, दुसरं त्याचं, दोन्ही आकडे शेजारी शेजारी आणि खाली स्पष्ट वाक्य: फरकाचं कारण आम्हाला माहीत नाही. मसुदा तिने खालच्या मजल्यावर पाठवला. चार-पाच दिवस काही उत्तर आलं नाही. संस्थेत सगळे पैजा लावत होते की तो नाव काढून घेईल. वसाहतीतल्या बायकांत तर दोघं वेगळी होणार असंही ठरलं होतं; खोल्यांची वाटणीदेखील त्यांनी करून टाकली होती.

मग एका दुपारी तो वर आला. पायऱ्या न गाळता, एकेक चढत. दारात उभा राहिला. हातात मसुदा होता, त्यावर लाल पेनाच्या खुणा होत्या, पण नावाला हात लावलेला नव्हता.

“दुसऱ्या पानावर रेडिओच्या भागात तू एक वाक्य चुकीचं लिहिलंयस. मी दुरुस्त केलंय.”

तिने पान बघितलं. दुरुस्ती बरोबर होती. “चूक होती खरी,” ती म्हणाली.

हे ऐकून त्याचा चेहरा जरा उजळला. त्याने आत येऊन स्वतःहून खुर्ची ओढली. टेबलावरच्या तीन कपांपैकी धुतलेला कोणता ते बघितलं आणि थर्मासमधला चहा त्यात ओतून घेतला.

“ते अधिक-उणे किती म्हणालीस?”

“दोन दशांश.”

“म्हणजे वरच्या बाजूने बघितलं तर एक पूर्णांक आठ.”

“आणि खालच्या बाजूने एक पूर्णांक चार.”

त्याने चहाचा घोट घेतला.

“खालच्या बाजूने बघतंय कोण?” तो म्हणाला.